मातीसकट काढायची शीर

सकाळचं ऑपरेशन आटोपून डॉ. शर्वाणी काकतकर मिरजेच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांच्या खोलीत जरा आडवी होते. डोळा लागतो न लागतो तोच पंख्याचा आवाज पाटाच्या पाण्यासारखा वाहू लागतो, आणि उशाशी तावरे सर बसलेले असतात. बायपास तिला त्यांनीच शिकवली. सर जाऊन वर्ष झालं हे तिला झोपेतही ठाऊक आहे, पण भीती वाटत नाही.

"आता कोण?" सर विचारतात.

ती सांगते : बरकत मुजावर, वय बावन्न, सतारी घडवतो. हृदयाच्या तीन वाहिन्या तुंबल्यात. एकीला छातीतली धमनी जोडायची, उरलेल्या दोन्हींना पायातली शीर. सहकारी म्हणतात, दुर्बिणीनं काढ, छेद लहान राहतो, माणूस लवकर चालतो. पण तशी ओढून काढताना शिरेला ताण बसतो, ती पुढे लवकर बुजू शकते. तिला ती मोठा छेद घेऊन, भोवतालच्या चरबीसकट उचलायची आहे.

"माझ्यासारखी चरबी सोलून, पाण्यानं फुगवून नाही म्हणजे," सर हसतात.

दोघं चालू लागतात. कॉरिडॉरची फरशी पायाखाली मऊ होत जाते आणि दोघं सरांच्या शेतात, वांग्याच्या वाफ्यात उभी असतात. डोक्यावर दिवा मात्र ऑपरेशन थिएटरचाच. सर वाकून एक रोप मातीसकट उचलतात आणि तिच्या ओंजळीत ठेवतात.

"आणि पायाची जखम? मांडी घालून बसणारा माणूस तो."

"त्याला साखर नाही, पाय धडधाकट आहेत. जखम डोळ्यांना दिसते सर, ती सांभाळता येते. आत शीर बुजली तर कळेपर्यंत उशीर झालेला असतो. त्याला अजून पुष्कळ सतारी करायच्यात."

सर हातांची माती झटकतात. "मग मला विचारतेस कशाला?"

"विचारत नाही. सांगतेय."

ते समाधानानं मान डोलावतात, खाली बसतात आणि तिच्या घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सावकाश बोट फिरवतात. स्पर्श गार आहे.

"मॅडम, पेशंट आत घेतलाय," दारातून सिस्टर सांगतात.

शर्वाणी उठून बसते. तिच्या हातात छेद आखायचा, टोपण निघालेला मार्कर आहे, आणि डाव्या पोटरीवर, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, अगदी शिरेवरून गेलेली एक निळी रेघ. शाई अजून ओली आहे.