वसुमतीच्या बाळाचा मेंदू

भव्या शिंदे हेब्बाळच्या एका हॉस्पिटलात कामाला होती. पोटातल्या बाळाचा एमआरआय झाला की त्याच्या मेंदूची चित्रं तिच्या संगणकावर येत, पातळ काप केल्यासारखी, एकेका कापाचं एकेक. प्रत्येक चित्रात मेंदूच्या कडेकडेने ती माउसने रेघ ओढायची. सगळ्या कापांचं मिळून मेंदूचं आकारमान निघे आणि बाळ नीट वाढतंय की नाही, ते डॉक्टरांना कळे.

तपासणीला आलेल्या गरोदर वसुमतीला आत न्यायला ती बाहेर आली, तेव्हा वसुमती नवऱ्याला म्हणत होती, "पाणी द्या की स्वल्प." भव्याला हसू आलं. 'थोडं'ला कन्नडातलं 'स्वल्प' म्हणणारी, तिच्या घरातलीच मराठी! दोघींचीही घराणी पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूची निघाली. वसुमती वयाने लहान, ती लगेच अक्का म्हणू लागली. त्या वेळच्या तपासणीत बाळाचं सगळं ठीक होतं.

काही आठवड्यांनी झालेल्या पुढच्या तपासणीत मेंदू जवळजवळ पहिल्याइतकाच भरला. बाळ हललं असेल, चित्र पुसट आलं असेल, म्हणून भव्याने सगळ्या रेघा पुसून पुन्हा ओढल्या. धूसर जागी रेघ जरा बाहेरून नेली असती तर आकारमान वाढलं असतं आणि कुणाला कळलंही नसतं. हात तिथे थांबला खरा, पण रेघ तिने जिथल्या तिथेच ओढली.

बाहेर वसुमती वाट पाहत होती. "अक्का, चांगलं आहे ना?"

"डॉक्टर सांगतील गं," एवढंच ती बोलली.

डॉक्टर सुचेतांनी सांगितलं. मेंदूची वाढ थांबली होती. मुलगा झाला, पण फार दिवस जगला नाही.

पुढे एकदा वसुमती एकटीच आली. दोघी कँटीनमध्ये बसल्या.

"त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"ते डॉक्टरांनीच सांगायचं असतं. पण खरं सांगू? परवानगी असती तरी माझ्या तोंडून निघालं नसतं."

वसुमतीने कॉफीचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "हे म्हणतात, बारसं झालं नव्हतं तेच बरं. मी मात्र मनात ठेवलं होतं नाव. प्राणेश."

"प्राणेश," भव्या हळूच म्हणाली.

वसुमतीने डोळ्यांना पदर लावला.

भव्या तिला स्टॉपपर्यंत सोडायला गेली. के. आर. पुरमची बस आली, वसुमती चढली. त्यानंतर त्या भेटल्या नाहीत. फोन करावा असं भव्याला पुष्कळदा वाटलं; काय बोलावं, ते सुचलं नाही.