सीटवरचा ओला पंचा

आज दुपारी मुलगा दारात गाडीच्या चेनला ऑइल लावत होता. उन्हात तापलेल्या ऑइलचा वास नाकात गेला आणि माझा जुना राग पुन्हा जागा झाला.

लग्नानंतरचा पहिलाच उन्हाळा. आम्ही मोटारसायकलवर शहरातून माझ्या माहेरी, वैजापूरला निघालो होतो. वाटेत यांनी एका बाभळीखाली गाडी थांबवली. सावली जेमतेम एकाला पुरेल एवढी, आणि ती यांनी गाडीला दिली. मी उन्हात उभी. हातातल्या बांगड्यासुद्धा चटके देत होत्या. वर प्यायचं पाणी पंच्यावर ओतून यांनी तो सीटवर अंथरला, लहान लेकराला पांघरूण घालावं तसा.

"आन मी?" मी विचारलं.

"पदर घे की डोक्यावर. गाडी लई तापली."

मी तोंड फुगवून मागं बसले. सीट गार लागली, पण तेवढा विचार करायला डोकं ठिकाणावर होतं कुठं? पुढं कित्येक वर्षं त्या गाडीला मी सवतच म्हणायचे.

आज मुलगा नव्या सुनेला घेऊन निघाला, तर हे आतून ओरडले, "थांब रे, सीटवर ओला पंचा टाक आधी. पोरीला चटका बसंल."

सून लाजून हसली. म्हणजे तेव्हाचा तो पंचा माझ्यासाठी होता! गाडीवरचा राग तिथंच विरला. पण सुनेकडं मात्र बघवेना. मला जे इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाही, ते तिला पहिल्याच उन्हाळ्यात ऐकायला मिळालं.