तळहाताएवढा निसणा घेऊन देवनहळ्ळीला

शालन, ये, अशी जवळ येऊन बस. तू तिकडे पुण्यात आणि मी इथे रायबागेत, हे ठाऊक आहे मला. पण समोर कुणी बसलंय असं धरल्याशिवाय माझ्या लेखणीला वाचाच फुटत नाही. आणि आधी दोन बोल ऐकून घे. मागच्या खेपेला तू माझा चाकू घेऊन ओट्याच्या कडेवर खसाखसा घासत होतीस. मी पाहिलं, पण पाव्हण्यांपुढे सुनेला काय बोलायचं! अग, धार अशी लावतात होय? त्या चाकूला करवतीसारखे दात आले, ते मी आठ दिवस निस्तरत होते. धार गेली तर काय काय जाऊ शकतं, ते मी बेंगळूरला पाहिलंय. आज तेच सांगते.

तुझं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. माझी थोरली बहीण, आमची अक्का, बेंगळूरला दिलेली. तिचं सासर म्हणजे पिढ्यान् पिढ्या तिथेच रुजलेलं मराठी घर. बोलणं असं की निम्मं आपलं, निम्मं कानडी. बसवनगुडीत घर, आणि देवनहळ्ळीला थोडी वाडी. त्या वाडीत एक चकोत्याचं (पपनसाचं) झाड होतं. चकोते देवनहळ्ळीचेच म्हणतात, पण अक्काच्या झाडासारखं फळ त्या गावातही दुसरं नव्हतं. आतून गुलबट लाल, आणि कडवटपणा नावाला नाही. अक्का लग्न होऊन गेली तेव्हा तिच्या सासूने तिच्या हातानेच ते लावून घेतलं होतं.

आणि भावोजींनी ती वाडी विकली. भाऊबंदकीला कंटाळून विकली, पण अक्काला न विचारता विकली. घेणाऱ्याला द्राक्षाचा मांडव घालायचा होता, झाडं सगळी जाणार होती. अक्काने एका माळ्याकडून त्या झाडाचे डोळे भरून घेतले (डोळा भरणं म्हणजे एका झाडाची कोवळी कळी सालीसकट काढून दुसऱ्या रोपाच्या सालीत बसवणं), तर ते सगळे सुकले. मग मला निरोप आला: गंगे, चाकू घेऊन ये, झाड आठवडाभर आहे.

गौरी-गणपती नुकते आटोपले होते. मी गुलाबावर आणि लिंबावर हात बसवलेली बाई, कुणी शिकवलेलं नाही. पाच-पन्नास डोळे फुकट घालवून शिकले. चाकू तेवढा चांगला होता. मिरजेचं पातं, धार एकाच अंगाला, दुसरं अंग आरशासारखं सपाट. तो फडक्यात गुंडाळून पिशवीत घातला आणि छोट्या रुळाच्या गाडीत बसले.

हुबळी गेली, हरिहर गेलं. दावणगेरेला एक लठ्ठशी बाई चढली, मोठी गोड बोलणारी. तिने चकल्यांचा डबा काढला, तर झाकण निघेना. मी तेवढ्यात चाकू नीट आहे ना पाहायला फडकं उलगडलं, आणि तिने पाहिलं.

"अक्का, स्वल्प चाकू कोड्री!" (ताई, जरा चाकू द्या हो!)

"अहो, तो तसला चाकू नव्हे," असं म्हणेपर्यंत तिने तो माझ्या हातातून घेतलाही, आणि झाकणाखाली घालून कचकन उचकटलं. झाकण उडालं, चकल्या सांडल्या, गाडीचा सगळा डबा हसला. तिने पहिली चकली मलाच दिली. मी ती चावतेय आणि बोटाने धार चाचपतेय. बरोबर मध्यावर, जिथे डोळा कापायचा तिथेच, जोंधळ्याच्या कणीएवढी खोक! पुढे तुमकूर कधी आलं नि गेलं, मला कळलं नाही.

सकाळी स्टेशनावर भावोजी आले होते. काळा कोट, खाली पॅन्ट, कमरेला रुंद चामडी पट्टा. नोकरीतून निवृत्त झाले तरी तो पट्टा ते रोज चमकवत. टांग्यातून जाताना झाडांच्या सावलीतले रस्ते, कौलारू बंगले, गार हवा, सगळं पाहिलं. पण जीव पिशवीतल्या चाकूत.

घरी वेगळाच कारभार. अक्का भावोजींशी बोलत नव्हती! वाडी विकल्यापासून एक शब्द नाही.

"गंगे, सांग तुझ्या भावोजींना, तिंडी (न्याहारी) झाली. उप्पीट निवतंय."

भावोजी दोन हातांवर बसलेले. म्हणाले, "गंगूबाई, सांगा तुमच्या अक्काला, आमचे कान अजून शाबूत आहेत."

"कान शाबूत आहेत तर विकण्याआधी काही ऐकू आलं असतं," अक्का चुलीकडे बघून म्हणाली.

मी उप्पीट खाल्लं आणि खोक दाखवली. अक्काचा चेहरा उतरला. भावोजी म्हणाले, "आणखी वाईट सांगतो. काल निरोप आलाय. उद्या दुपारी झाड पाडणार."

म्हणजे हातात एक दिवस. तेवढ्यात रस्त्यावर आरोळी आली, "साणे! चाकू-कत्ती साणे!" सायकलीवर चाक बसवलेला धारवाला. भावोजी धावतच निघाले. मी म्हटलं, "थांबा, आधी अक्काची सुरी देऊ." त्याने पॅडल मारलं, ठिणग्यांचा फवारा उडाला, आणि सुरी झाली लखलखीत. पण मी टोक उजेडात धरलं तर निळसर झाक! तापून पोलादाचं पाणी उतरलं होतं. भाजी चिरायला चालेल, पण तसलं पातं चार काप घेऊन पाचव्याला लोळतं. माझा चाकू मी पदराखालीच ठेवला.

मग भावोजी आणि मी चिकपेठेत गेलो. पाऊस भुरभुरत होता, गल्ल्या माणसांनी आणि बैलगाड्यांनी तुडुंब. लोखंडी सामानाच्या दुकानात शेटजींनी आधी लाकडी पेटीत बसवलेला लांबलचक दगड काढला. "हा घ्या अम्मा, नातवंडांच्या नातवंडांना पुरेल." तो तेल घालून वापरायचा. उचलला तर वरवंट्याएवढा जड. आणि तेलकट पातं ओल्या सालीला लावून मी काय करणार?

मग त्यांनी नवीन वस्तू काढली. दोन छोट्या चकत्या, मध्ये फट, त्यात चाकू घालायचा आणि ओढायचा. "बघा, लहान पोरही करेल!"

"दोन्ही अंगांना धार लावते ही," मी म्हटलं. "माझ्या चाकूला एकच अंग धारेचं आहे."

"मग दुसरं अंग फुकट मिळालं समजा!"

भावोजी हसले, मला हसू येईना. कपाटाच्या तळाशी हात घालून शेवटी मीच एक दगड काढला. तळहाताएवढा निसणा, एक बाजू खरखरीत, दुसरी गुळगुळीत. पाण्यावर चालणारा. पिशवीत मावेल, मांडीवर बसेल, चाकूचं जे अंग हवं तेवढंच घासता येईल. शेटजी म्हणाले, "हा न्हाव्यांचा माल, अम्मा. याला हात लागतो."

"हात आणलाय मी रायबागेहून," मी म्हटलं आणि तो घेतला.

दुपारभर पडवीत बसून चाकू घासला. निसणा पाण्यात बुडवायचा, बुडबुडे थांबले की काढायचा, खरखरीत बाजूवर धारेचं अंग टेकवायचं आणि एकाच कलाने ढकलायचं. कल सोडला की संपलं. खोक जायला पातंच तेवढं मागे आणावं लागतं. मनगट भरून आलं. मग गुळगुळीत बाजू. शेवटी काठावर लव राहिली, दिसत नाही पण नखाला लागते. ती चामड्यावरच जाते.

"घरात चामडं काय आहे?" मी विचारलं.

अक्का भाजी निवडता निवडता म्हणाली, "गंगे, एक आहे. रोज पॉलिश होतंय."

भावोजींनी पट्ट्यावर हात ठेवला. "बेड, बेड! (नको, नको!) चप्पल घ्या माझी."

"चपलेत खडे रुतलेत, भावोजी."

ते उठले, आत गेले, बाहेर आले. मग त्यांनी पट्टा सोडला आणि माझ्या हाती दिला. एका हाताने पॅन्ट धरून उभे राहिले ते काम होईपर्यंत. अक्काने तोंडाला पदर लावला, पण हसली नाही असं दाखवलं. जास्वंदीची फांदी कापून पाहिली तर काप ओल्यासारखा चमकला. बस्स, तेवढंच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळची बस. डोळा काढला की वारा लागायच्या आत रोपात बसायला हवा, म्हणून अक्काने परसात तयार ठेवलेली ईडलिंबाची चार रोपं पत्र्याच्या डब्यांसकट बरोबर घेतली. कंडक्टर ओरडला, "बागच आणली की काय, अज्जी?" येलहंका मागे पडलं, लाल मातीची शेतं आली, नाचणीचं हिरवं पीक, मग किल्ल्याची भिंत दिसू लागली. अक्का डब्यांना मांडीत घेऊन बसलेली, नजर समोर.

वाडीत शिरलो आणि करवतीचा आवाज आला. दुपारी म्हणाले होते, आणि सकाळीच सुरू! झाडाची निम्मी बाजू खाली आली होती, पानं उन्हात कोमेजलेली. अक्का मटकन बसली. मी भावोजींकडे पाहिलं. तो माणूस आयुष्यात कुणापुढे हात न जोडणारा, पण गेले त्या मेस्त्रीकडे (मुकादमाकडे) आणि हात जोडून म्हणाले, "स्वल्प ताळ्री, मेस्त्री." (जरा थांबा.)

मेस्त्रीने आमच्याकडे पाहिलं, डब्यांकडे पाहिलं. "ऊटा (जेवण) होईपर्यंत. मग नाही."

त्याची माणसं शिदोरी सोडायला बसली. मी उभ्या राहिलेल्या बाजूची करंगळीएवढी काडी घेतली, पानं छाटून देठ तेवढे ठेवले. रोपाच्या सालीला उभी-आडवी चीर दिली, डोळा एका ओढीत काढला, सरकवला, अक्काने केळीच्या सोपटाने बांधला. पहिला झाला. दुसऱ्याला चाकू ओढू लागला. सालीच्या रसाने धार बोथटली होती. साल कडेने फाटली. तरी बसवला.

"अशी नाही जमायची," मी म्हटलं आणि निसणा काढला. पाणी? विहिरीवर दोर नव्हता, नव्या मालकाने काढून नेलेला. अक्काने पिण्याचा तांब्या निसण्यावर रिकामा केला. मांडीवर निसणा, मी घासतेय. पलीकडे मेस्त्रीच्या माणसांचं शेवटचं ताक संपतंय. भावोजींनी या खेपेला मी मागायच्या आधीच पट्टा सोडून पुढे केला. चार वेळा इकडे, चार वेळा तिकडे. तिसरा डोळा लोण्यासारखा निघाला. चौथा बांधत होतो तेव्हा करवत परत लागली. झाड पडलं तो आवाज मी सांगत नाही. आम्ही तिघं डबे पोटाशी धरून उभे होतो.

परतीच्या बसमध्ये एकाने पोतं टेकवलं आणि चौथं रोप बुंध्यात मोडलं. राहिली तीन.

आता वाट पाहायची. डोळ्याखालचा देठ बोट लावताच गळून पडला तर डोळा लागला. सुकून चिकटून राहिला तर मेला. मी तीन आठवडे थांबले. घरात सगळे डब्यांजवळून पाय न वाजवता जात. अक्का अजूनही माझ्यामार्फतच बोलत होती.

त्या सकाळी आम्ही परसात बसलो. अक्का म्हणाली, "गंगे, मी नाही लावत बोट. तूच बघ." मीही हात मागे घेतला. भावोजी पट्टा न घालताच घाईने आले नि उकिडवे बसले. त्यांनी पहिल्या देठाला बोट लावलं. चिकटलेलाच. खाली डोळा काळा पडला होता. दुसरा, फाटक्या सालीचा, तोही वाळलेला. भावोजींनी चष्मा पुसला. तिसऱ्याकडे बोट नेलं, आणि ते थांबलं तिथेच.

"हळू हो!" अक्का म्हणाली. "अहो, नखाने नको, बोटाच्या पेराने लावा."

भावोजींनी मान वर केली. अक्काच्या लक्षात आलं नव्हतं ती कुणाशी बोलली. त्यांनी पेर टेकवलं आणि देठ टपकन मातीत पडला. खाली डोळा हिरवा, टचटचीत.

"सरी?" (बरं?) भावोजींनी विचारलं, तिलाच.

"सरी काय सरी," अक्का म्हणाली, "उन्हातून उचला तो डबा. आणि पट्टा घाला आधी, पॅन्ट घसरतेय."

दुसऱ्या दिवशी मी परतीच्या गाडीत बसले. चाकू या खेपेला पिशवीच्या तळाशी, आणि कुणी मागितला तरी द्यायचा नाही असं ठरवलेलं. एवढ्या धडपडीतून एक डोळा लागला. एकच. पण झाडाला एक पुरतो. माणसांनाही पुरला म्हणायचा. पहिला डोळा तर सगळ्यांत चांगल्या धारेचा होता, तो का मेला हे मला अजून उमगलेलं नाही. सगळं आपल्या हातात नसतं ग. हातातलं तेवढं नीट करावं.

पुढे अक्काच्या त्या झाडाची एक काडी मी ओल्या फडक्यात इकडे आणून इथल्या रोपावर डोळा भरला. ते रोप परसात विहिरीच्या उताराला लावलंय, आणि यंदा पहिल्यांदाच त्याने तीन फळं धरलीत. एक अक्काकडे जाईल, एक माझं. तिसरं फोडायला कुणी तरी बोलकं माणूस हवं. दिवाळीपर्यंत पिवळं होईल. झाडावर फार ठेवता येत नाही, आणि माझाही आता भरवसा नाही. तेव्हा नवऱ्याच्या रजेची वाट पाहत बसू नकोस, पोरांना घे आणि लवकर निघून ये.