बेकरीसमोर वाजवलेली घंटी

थांबा, हे आत्ताच सांगायचंय, मला राहवतच नाहीये! फ्रान्समध्ये मी आणि माझी मैत्रीण मानसी खडीच्या वाटेने सायकली दामटत होतो. तिथलं एक अख्खं गाव पहिल्या महायुद्धात बेचिराख झालं, आता तिथे नुसतं जंगल आहे आणि आमची वाट त्यातूनच जात होती. झाडांमध्ये पाट्या तेवढ्या उभ्या: इथे बेकरी होती, इथे शिंप्याचं घर.

बेकरीच्या वळणावर मी सवयीने घंटी वाजवली.

"कोणासाठी गं, बावळट?" मानसी हसली.

"दारातून कोणी बाहेर आलं तर?" मी बोलून गेले आणि अंगावर काटाच आला. खाली पाहिलं, तर खडीत कौलांचे तुकडे. म्हणजे आम्ही लोकांच्या घरांवरून सायकल चालवत होतो!

मानसी सायकलवरून उतरली, मीही उतरले. जंगल संपेपर्यंत आम्ही दोघी कडेकडेने चालत गेलो.

नसलेल्या माणसांना तुम्ही कधी अशी वाट दिलीय का हो?