ती चूक नव्हती

माझी लेक संघमित्रा कॉलेज सोडेल, ही धास्ती मनातून जात नाही. औरंगाबादला शनिवार-रविवारी झालेल्या सॉफ्टवेअर स्पर्धेत तिने मंठ्याच्या कापूस खरेदी केंद्रावर कापसाच्या गाड्यांचे रांगेतले नंबर लावणारा प्रोग्राम लिहिला. बोलायला मात्र सोबतची मुलं उभी राहिली. परीक्षकांनी विचारलं, एकाच माणसाला दोन नंबर कसे?

"ती हिची चूक," मुलं हसून म्हणाली. बक्षीस गेलं, खापर हिच्यावर.

चूक कसली? रांग रात्रभर चालते, बायका केंद्रावर रात्र काढत नाहीत, म्हणून गोजरबाई मावशीचा नंबरही शेजारचा मच्छिंद्रच धरतो; हिने मुद्दामच तशी सोय ठेवली होती.

"मंग बोलली का न्हाईस?"

"आणखीच हसले असते, आई."

आता परत जाणार न्हाई म्हणते. कॉलेजच्या सरांना फोन करू नको म्हणते. दोन नंबरांचं खरं कारण सांगायला सकाळी मी करणारच आहे.