सदाचा वस्तरा

परवा शेजारी बैलाची शिंगं साळत होते. त्या भुशाचा करपट वास आला आणि ज्ञानू डोळ्यांपुढे उभा राहिला.

लढाई संपून वर्ष होत आलं होतं. दहिवडीत माझं न्हाव्याचं दुकान होतं. पलटणीतून परतलेल्या ज्ञानूनं एका दुपारी मूठ फुटलेला विलायती वस्तरा माझ्यापुढे ठेवला.

"सदाचा हाय. त्याच्या आईला द्यायचाय. असा मोडका कसा न्यायचा?"

म्हसवडचा सदा त्याच्याबरोबरच भरती झाला होता. तो परतला नव्हता.

मी जुने खिळे घासून काढले. म्हशीच्या शिंगाच्या दोन पट्ट्या कानशीनं पातळ केल्या, भोकं पाडली, पितळी तारेचे खिळे घातले. शिंग तडकू नये म्हणून हातोडी अगदी हलकी मारत होतो. ज्ञानू भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता.

"घे गड्या, झाला."

त्यानं डोळे उघडले. "एवढ्यात?"

काम आवडलं नाही की काय, असं मला वाटलं. त्यानं वस्तरा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. "जरा सैल लागतोय का रं?"

"न्हाई, झ्याक बसलाय. ऊठ, म्हसवडची मोटार घावंल अजून."

तो भिंतीला धरून उठला आणि माझ्याकडे न बघता स्टँडकडे चालू लागला.

मी माझ्या कारागिरीवर खूश होतो. आज वाटतं, सैल लागतोय, उद्या ये, एवढं म्हणायला माझं काय जात होतं?