शेजारच्या जागेचे पैसे

जगात कुठंही जायचं असू द्या, सगळ्यात हलक्या बोजानं आणि सगळ्यात कमी पैशात पोचणारा माणूस एकच आहे, आणि तो भिंगारला राहतो. तो माझा व्याही. तोंडावर मी त्याला पाव्हणं म्हणतो, अहोजाहो करतो. लिहिताना तेवढं जमत नाही. माझी एकुलती एक लेक त्याच्या धाकट्याला दिलीय, ती दोघं कॅनडात असतात. त्याचा थोरला जर्मनीत, मुलगी मस्कतला. त्यामुळं आम्ही घोडेगावच्या बाजाराला जातो तसा हा माणूस परदेशाला जातो. उभा जन्म लष्कराच्या कोठारात माल तोलून देण्यात गेला, तेव्हा वजनाचं जे खूळ डोक्यात शिरलं ते पेन्शन सुरू झाली तरी निघालं नाही. खिशात कायम एक लटकवायचा काटा. घरी कुणी आलं की त्यानं चपला काढायच्या आत त्याची पिशवी काट्याला. साखरपुड्याला आम्ही लाडवांची परात घेऊन गेलो, तर यानं ती हातात तोलून आमच्या हिला सांगितलं, "ताई, यात लाडवापरीस पितळच जास्त हाय." ही महिनाभर धुमसत होती. एकदा मी त्याला म्हैस घ्यायला सोबत नेलं. मी दात बघतोय, कास बघतोय, आणि हा म्हशीभोवती एक फेरी मारून व्यापाऱ्याला विचारतो, वजन किती भरंल. व्यापारी म्हणाला, "पाव्हणं, धार काढायची हाय का सागुती करायची?"

विमानवाले पिशवीचं वजन करतात, माणसाचं करीत नाहीत, हे ज्या दिवशी त्याला उमगलं त्या दिवशी त्यानं भिंगारच्या शिंप्याकडून एक बंडी शिवून घेतली. तिला बाहेरून खिसे, आतून खिसे, पाठीलासुद्धा एक खिसा. त्यात मोजे, गोळ्या, चार्जर, दाढीचं सामान, चिवड्याची पुडी. माणूस हडकुळा, पण बंडी घातली की अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखा फुगतो. अंगाला सवय पाहिजे म्हणून भर उन्हाळ्यात ती घालून तो भिंगारहून नगरच्या स्टँडावर चालत जायचा. लोक थांबवून विचारायचे, थंडीताप आलाय का. हा म्हणायचा, कॅनडाला निघालोय, दिवाळीत.

सल्ला द्यायला मात्र मोठा दिलदार, मागावा लागत नाही. तिकीट सुट्ट्या लागायच्या लई आधी काढायचं आणि निघायचं आठवड्याच्या मधल्या वारी. अमावास्या असली तर सोन्याहून पिवळं, आपली माणसं त्या दिवशी निघत नाहीत, डोक्यावरच्या कप्प्यात जागा मोकळी मिळते. सरळ जाणाऱ्या विमानाला हात लावायचा नाही, दोन ठिकाणी उतरून, बाकड्यावर पाठ टेकून जायचं. विमानतळावर पैसे बदलणं म्हणजे भर लगीनसराईत सोनं घेणं. पाण्याची बाटली रिकामी घेऊन तपासणीतून जायचं आणि पलीकडं नळाला भरायची. औषधं आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवायचे, म्हणजे मोठी बॅग हरवली तरी माणूस उघडा पडत नाही. बॅगेच्या मुठीला लुगड्याचा काठ बांधायचा, कारण पट्ट्यावर येणाऱ्या सगळ्या बॅगा काळ्याच. प्रत्येक देशात भिंतीची भोकं निराळी, म्हणून त्या देशाची एकच पिन घ्यायची आणि तिला घरचा लांब वायरीचा बोर्ड जोडायचा. मस्कतच्या विमानतळावर त्याच्या बोर्डाभोवती, हौदावर गुरं जमावीत तशी माणसं मोबाईल घेऊन जमली. यानं सगळ्यांना फुकट लावू दिलं आणि मोबाईल भरेपर्यंत एकेकाची बॅग काट्याला लावून त्याला वजन सुनावलं. हसू येतं, पण यातलं एकही खोटं नाही. जाणाऱ्यानं ध्यानात ठेवावं.

आमच्या हिनं ठेवलं होतं. मी हसायचो, ती शिकायची. कपड्याची घडी न घालता गुंडाळी करायची, जागा कमी लागते आणि चुरगळत नाही, हे त्यानं सांगितल्यापासून आमच्या कपाटातली सगळी लुगडी सुरळ्या होऊन पडली. लेकीकडं जायचं म्हणून आम्ही दोघांचे पासपोर्ट काढले. मग तिचं दुखणं निघालं. गेल्या वैशाखात ती गेली. तिचा पासपोर्ट कोरा राहिला. यापेक्षा जास्त मला त्यावर लिहिता येत नाही.

आता व्याह्याच्या ज्या एका काटकसरीनं आमच्या घरावर वेळ आणली, ती सांगतो. विमानात अमक्याच जागेवर बसायचं म्हटलं तर वेगळे पैसे पडतात. हा ते कधी देत नाही. मिळंल ती जागा घेतो. त्यामुळं नवरा-बायकोनं इतक्या वेळा समुद्र ओलांडला, पण शेजारी बसून एकदाही नाही. हा पार मागं संडासाजवळ, आणि विहीणबाई पुढं कुठंतरी दोन परक्यांच्या मधी. कुणी बोललं तर म्हणायचा, "उतरल्यावर भेटतीच की ती. मधीच कुठं उतरून जाती व्हय?"

यंदा लेकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण आणि आई नाही. विहीणबाईंनी जायचं ठरलं, तिकिटं निघाली, डिंकाचे लाडू झाले. आणि निघायला आठवडा राहिला असताना विहीणबाई म्हणाल्या, मी येत नाही. लेकीनं मला फोन करून सांगितलं. रडली नाही, नुसतं सांगितलं. ते मला जास्त लागलं. मी सकाळची एस्टी धरून भिंगार गाठलं.

व्याही बैठकीत बॅगा पसरून लाडवांचे डबे तोलत होता. हिला पन्नास वेळा विचारलं, कारण सांगत न्हाई, म्हणाला. विहीणबाईंनी चहा दिला. मी म्हणालो, माझ्या लेकीला तुमच्याशिवाय कोण आहे आता. तेव्हा त्या पदर आवरत खाली बसल्या.

"दादा, पोरीवर माझा राग न्हाई. इमान उठताना माझ्या पोटात गोळा येतो. मागल्या टायमाला लई हादरलं, तवा मी शेजारच्या गोऱ्या बाईचा हात धरला. तिनं धरू दिला, पन घटकाभरानं हळूच सोडवून घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता न्हाई जायची मी."

व्याही काटा हातात धरून उभा होता. त्याला हे ठाऊक नव्हतं. कसं असेल, तो संडासाजवळ होता.

आमच्याकडं एस्टीत बायामाणसं पुढं बसतात आणि गडी मागं. कुणी ठरवलं नाही, रीतच ती. साऱ्या संसारात मी हिचा अंबाडा बघत नगरला गेलो आणि अंबाडा बघत परत आलो. गर्दीतसुद्धा मला तो ओळखू यायचा. ते मला तिथं आठवलं आणि मी व्याह्याला म्हणालो, "पाव्हणं, आमी दोघं एस्टीत शेजारी बसलो ते दवाखान्याच्या खेपांना. तवा तिच्यात बोलायचा दम न्हवता. तुमची धडधाकट हाय. द्या ते पैसे."

"लई घेतात हो."

"घेऊ द्या."

त्यानं मान हलवली. लाडवाचा डबा पुन्हा काट्याला लावला आणि आकडा न वाचताच काढून ठेवला. विहीणबाई त्याच्याकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "नुसती मान हालवू नका. लुगडी भरते मी, पन तिकिटावर शेजारच्या जागा दावल्याबिगर इमानात चढायची न्हाई."

दोघं गेली. पोचल्याचा फोन दुसऱ्या दिवशी आला, मी धारेला बसायच्या तयारीत होतो. व्याह्यानं आधी आपलं दुःख सांगितलं. शेजारच्या जागा फुकट मिळतात का म्हणून तो विमानतळावर लई आधी जाऊन बसला होता. खिडकीवरच्या पोरीला बायकोच्या पोटातला गोळा सांगितला. पोरीनं सगळं ऐकून घेतलं, हसली आणि पैसे मागितले. मग दिले. पुन्हा पुन्हा म्हणत होता, हसून घेतले हो, हसून.

मी विचारलं, शेजारी बसलात ना.

"बसलो. इमान उठलं तशी हिनं माझं मनगट धरलं. इमान सरळ झालं तरी सोडंना. मग तशीच झोप लागली तिला. इकडं मला लघवीला जायचं हुतं."

"मग?"

"मग काय. बसलो."

मागून विहीणबाईंचं हसणं ऐकू आलं, त्यात माझ्या लेकीचंही होतं. तिकडं सकाळ होती. माझ्याकडं ऊन गोठ्यावरून उतरलं होतं आणि म्हैस ओरडायला लागली होती, म्हणून मी फोन ठेवला. धार काढताना ध्यानात आलं, आमची ही असती तर तिनं पहिलं विचारलं असतं, वरून खाली काय दिसतं हो. मला ते सुचलंच नाही.